एथिक्स बाऊलला पहिल्यांदाच चालले? मग आधी हे वाचून घ्या

मागच्या दोन वर्षांत दहा-बारा ज्युनियर्सनी मला हेच विचारलं की दादा, ते एथिक्सवालं डिबेट असते ना, त्याची तयारी कशी करायची, आणि दरवेळी मी नागपूरच्या लॉ कॉलेज चौकात चहाच्या टपरीवर उभ्याउभ्या अर्धवट काहीतरी सांगतो, तेवढ्यात कोणाची तरी बस येते आणि विषय तिथेच राहतो. म्हणून आता एकदाच बसून सगळं लिहून काढलं. एथिक्स बाऊल म्हणजे नैतिक पेचाच्या प्रसंगांवर (त्यांना केस म्हणतात) टीमने चर्चा करायची स्पर्धा, तिला मी दोनदा गेलो होतो. पहिल्या वर्षी पहिल्याच फेरीत सपाटून हरलो, दुसऱ्या वर्षी सेमीफायनलपर्यंत गेलो. त्यामुळे जिंकायचं कसं हे माझ्याकडून शिकू नका, पण हरायचे जेवढे मार्ग आहेत त्यातले बरेचसे मी स्वतः चालून आलोय, ते सांगू शकतो.

१. हे डिबेट नाही, हे आधी डोक्यात बसवा

बाकी सगळं वाचायचा कंटाळा आला तरी एवढं वाचाच.

१९९३ मध्ये शिकागोच्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत (तीही आयआयटीच, पण आपली नाही) रॉबर्ट लॅडेन्सन नावाच्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी आपल्याच कॉलेजातल्या पोरांसाठी हा प्रकार सुरू केला. मग बाजूच्या कॉलेजांच्या टीम यायला लागल्या, आणि १९९७ पासून तिकडे असोसिएशन फॉर प्रॅक्टिकल अँड प्रोफेशनल एथिक्स या संस्थेच्या वार्षिक अधिवेशनासोबत राष्ट्रीय स्पर्धा होते. आता तोच साचा थोडाफार बदलून बऱ्याच ठिकाणी वापरतात, ऑनलाइनही होते.

आपल्या नेहमीच्या वादविवाद स्पर्धेत काय असते? विषय मिळतो, तुम्ही अनुकूल किंवा प्रतिकूल, आणि मग सभागृहाचे मत काहीही असो, तुम्ही तुमच्या बाजूने कंठ फुटेस्तोवर बोलायचं. इथे बाजू कोणी देतच नाही. तुम्हाला खरंच जे बरोबर वाटते तेच मांडायचं. समोरच्या टीमलाही तेच बरोबर वाटत असेल तर त्यांनी तसं बिनधास्त म्हणायचं, त्याचे मार्क कटत नाहीत. दोन्ही टीम एकाच मताच्या आणि तरी अर्धा तास मस्त चर्चा झाली, अशी मॅच मी डोळ्यांनी पाह्यली आहे. तुमचं मत कोणतं याला मार्क नसून त्या मतापर्यंत तुम्ही कसे पोचले आणि वाटेत कोणाकोणाचा विचार केला, याला मार्क असतात.

मला हे कळायला एक अख्खी स्पर्धा गेली. पहिल्या मॅचमध्ये मी उठलो आणि नेहमीच्या सवयीने सुरू झालो की समोरच्या मित्रांना मूळ केसच समजलेली नाही. मागे बसलेल्या आमच्या वर्गातल्या तिघांनी टाळ्या वाजवल्या. जजनी आदरपूर्वक संवाद या कॉलममध्ये पाचपैकी एक दिला.

२. मॅच कशी चालते

स्पर्धेआधी काही आठवडे केसेसचा एक संच मिळतो, आमच्या वेळी पंधरा होत्या. एकेक केस पानभर किंवा दीड पान. त्या तुम्ही कितीही वेळा वाचा, कोणासोबतही चर्चा करा, काही बंधन नाही. पण त्यातली कोणती केस येईल आणि तिच्यावर प्रश्न काय असेल हे त्या खोलीत बसल्यावरच कळते. आणि तयारीच्या नोट्स आत नेता येत नाहीत, केस आणि कोरे कागद तिथेच देतात.

मग आमच्याकडे असं होतं: मॉडरेटर केस आणि प्रश्न वाचतो, पहिल्या टीमला आपसात बोलायला २ मिनिटं, मग मांडायला ५ मिनिटं. त्यानंतर दुसऱ्या टीमची कॉमेंटरी, म्हणजे त्या मांडणीवर तिचं म्हणणं, ३ मिनिटं, तिला पहिल्या टीमचं उत्तर ३ मिनिटं, आणि मग तीन जज मिळून १० मिनिटं पहिल्या टीमला प्रश्न विचारणार. हे झालं की दुसरी केस, आणि टीमचे रोल उलटे. एकूण मार्क ६०, त्यात मांडणीला १५, कॉमेंटरीला उत्तर १०, जजच्या प्रश्नांना २०, तुम्ही केलेल्या कॉमेंटरीला १०, आणि ५ मार्क तुम्ही माणसासारखे वागले का याचे.

तुमच्या स्पर्धेत मिनिटं वेगळी असू शकतात, म्हणून नियमावली शब्दन् शब्द वाचा. एकानेच वाचून बाकीच्यांना सांगितलं असं करू नका, सगळ्यांनी वाचा. पण वरच्या हिशोबात एक गोष्ट बघा, की सगळ्यात जास्त मार्क जजच्या प्रश्नांना आहेत आणि तयारी मात्र सगळे जण पाच मिनिटांच्या भाषणाची करून राहिलेले असतात.

३. टीम बनवताना

कॉलेजात टीम करायची म्हटली की सगळे आधी त्या पोट्ट्याकडे जातात ज्याच्या घरी वक्तृत्वाच्या ढाली ठेवायला जागा नाही. (आमच्या कॉलेजातला तो पोट्टा मीच.) असा एक असू द्या, दोन नको. बाकीच्यांत एखादा शांत पण ऐकणारा पाहिजे, एखादी शंका काढणारी पाहिजे जिला कोणतंच उत्तर पटत नाही, आणि मुख्य म्हणजे सगळे एकाच मोहल्ल्यातले, एकाच शाळेतून आलेले नकोत. काऊन ते पुढे अवनी वाघिणीच्या केसमध्ये सांगतो.

आणि प्रत्येक शाखेची आपली एक खोड असते, ती आधीच ओळखून ठेवा. लॉवाले प्रत्येक प्रश्नाला कायद्याचं कलम सांगतात, पण इथे प्रश्न असतो की कायदा असा असावा का, किंवा कायदा काही म्हणत नाही तिथे काय करावं. मेडिकलवाल्यांना २०१९ पासून एमबीबीएसला एटकॉम (दृष्टिकोन, नीतिमत्ता आणि संवाद) नावाचा अभ्यासक्रमच आहे, त्यात ते रुग्णाची स्वायत्तता, भलं करणं, इजा न करणं आणि न्याय ही चार तत्त्वं घोकून येतात आणि मग शेतजमिनीच्या केसलाही तीच चार लावतात. इंजिनियरिंगवाले टेबल काढतात.

सगळ्यात मोठी खोड मात्र यूपीएससीवाल्यांची. यूपीएससी मेन्सला २०१३ पासून एथिक्सचा २५० मार्कांचा पेपर आहे, जीएस फोर, त्यातही केस स्टडी असतात, त्यामुळे सीताबर्डी-धरमपेठच्या लायब्ररीत बसणाऱ्या प्रत्येकाला वाटते की ही तर आपलीच गोष्ट. आमच्या टीममध्येही एक होता. त्याचं उत्तर ठरलेलं: यात संबंधित घटक अमुक अमुक, पर्याय तीन, आणि शेवटी सुवर्णमध्य, समिती नेमावी, जनजागृती करावी. पेपरात ते चालत असेल, इथे जज थेट विचारतात की समिती नेमली, ती सहा महिन्यांनी अहवाल देईल, पण आज रात्री काय करणार? तिथे तो गप्प झाला, आम्हीही गप्प झालो.

टीम किती जणांची चालते हे नियमात बघा. एक-दोन जास्तीचे घ्या, ऐन वेळी कोणाला तरी ताप येतोच.

४. कागदपत्रं (हे लवकर सुरू करा, लई लवकर)

तयारीपेक्षा आमचा जीव यातच जास्त गेला. लागतं ते असं:

- प्रत्येकाचं बोनाफाइड आणि कॉलेजचं आयडी, दोन्हीच्या दोन-दोन झेरॉक्स
- प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचं पत्र, ज्यात ही कॉलेजची अधिकृत टीम आहे असं लिहिलेलं असेल आणि सगळ्यांची पूर्ण नावं असतील, राखीव खेळाडूंची सुद्धा
- सोबत येणाऱ्या सर किंवा मॅडमचं नाव, फोन नंबर आणि त्यांची संमती
- फी भरल्याची पावती, स्क्रीनशॉट नाही, पावती
- बाहेरगावी जायचं असेल तर पालकांचं संमतीपत्र, आणि आधारची झेरॉक्स
- हजेरीसाठी विभागप्रमुखांची लेखी परवानगी

पत्र नुसतं टेबलावर ठेवून येऊ नका. आवकमध्ये नोंद करून क्रमांक घ्या आणि तुमच्या प्रतीवर शिक्का मारून घ्या. आमचं पत्र एका कार्यालयात नऊ दिवस दुसऱ्या फाइलींखाली पडून होतं, आम्ही रोज विचारायचो आणि रोज साहेब मीटिंगमध्ये, शेवटी सापडलं तेव्हा नोंदणीला एक दिवस उरला होता. आवक क्रमांक असता तर दुसऱ्याच दिवशी कळलं असतं की पत्र कोणाकडे आहे. नावांची स्पेलिंगं आयडीवर आहेत तशीच लिहा. आमच्यातल्या एकीचं आधारवर वडिलांचं नाव होतं आणि आयडीवर नव्हतं, तेवढ्यावरून तिथल्या नोंदणीच्या टेबलावर अर्धा तास गेला.

आणि तारखा. आपल्या विद्यापीठाची हिवाळी परीक्षा आणि स्पर्धेची तारीख शेजारी ठेवून बघा, मगच फी भरा. सेशनल बुडत असेल तर ती नंतर घेऊ असं सरांनी तोंडी सांगितलेलं निकालाच्या वेळी कोणालाच आठवत नाही, तेही लिहून घ्या.

५. केस कशी फोडायची

आता मुद्द्यावर येतो. पहिल्या वर्षी आम्ही पंधरा केसेस पाच जणांत वाटून टाकल्या, प्रत्येकी तीन. फार हुशारी वाटली होती. मॅचमध्ये जी केस आली ती ज्याची होती तो होस्टेलवर तापाने फणफणून पडला होता. बाकी चौघांनी ती वरवर वाचलेली. म्हणून प्रत्येक केस सगळ्यांनी वाचायची, वाटायचंच असेल तर एवढंच वाटा की या केसची बैठक कोण चालवणार.

केसेसचा संच यायच्या आधी सराव करायचा तर अमेरिकेतल्या जुन्या केसेस इंटरनेटवर फुकट मिळतात, पण माझं ऐका, सुरुवात आपल्या इकडच्या गोष्टींपासून करा. तिकडच्या विम्याच्या केसमध्ये तुम्ही तासभर विमाच समजून घेत बसाल.

आम्ही अवनी घेतली होती. टी-१ वाघीण, यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवडा-राळेगाव भागातली. तिच्या नावावर तेरा माणसांचे मृत्यू सांगितले जात होते, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, कोर्टाने वनखात्याच्या आदेशात हात घातला नाही, आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घातली. मागे दोन बछडे. तुम्हाला आठवत असेल, तेव्हा नागपुरात, मुंबईत मेणबत्त्या लागल्या होत्या आणि तिकडे गावांत फटाके.

प्रश्न धरा: वाघिणीला मारणं नैतिकदृष्ट्या योग्य होतं का?

पहिली पायरी, मत द्यायचंच नाही. फक्त कागदावर लिहायचं की कोणाचं काय पणाला लागलंय. गुराखी, शेतमजूर, मेलेल्यांच्या घरचे, वाघीण, बछडे, जंगलात रात्र काढणारे वनरक्षक, पुढच्या वर्षी दुसरा वाघ येईल तेव्हाची गावं. आम्ही नागपूरच्या चार पोट्ट्यांनी हे सगळं लिहिलं आणि ठामपणे म्हटलं की लोकांनी काही दिवस रात्री शेतात जाऊ नये, एवढी साधी गोष्ट आहे, वाघिणीचा जीव वाचतो. आमच्यात राळेगाव तालुक्यातली एक होती, बीएससीची, होस्टेलवर राहायची, बैठकीत फार बोलत नसे. ती म्हणाली, "आमच्याकडे ओलिताची लाईन रात्रीची असते. पाळी आली की रात्री दोनला मोटर चालू करायला जावंच लागते. नाही गेलं तर पीक वाळते. तुम्ही लोक म्हणता जाऊ नका, मग लाईन दिवसा द्या ना."

आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. पाच मिनिटांपूर्वी जो पर्याय फुकटचा वाटत होता त्याची किंमत होती आणि ती भलताच माणूस देत होता. मग प्रश्नच फिरला. वाघीण की माणूस, एवढाच तो राहिला नाही. जंगल वाचवायचं आपण सगळ्यांनी ठरवलं, तर त्याचा धोका फक्त त्याच गावांनी का घ्यायचा, आणि तो कमी करायला बाकीचे आपण काय द्यायला तयार आहोत, हा झाला खरा प्रश्न. म्हणून म्हटलं टीममध्ये सगळे एकाच मोहल्ल्यातले नकोत.

दुसरी पायरी, आता मत. आणि कारण. कारण असं पाहिजे की दुसऱ्या केसमध्येही ते लावता आलं पाहिजे. तुम्ही म्हटलं की तेरा माणसं मेली म्हणून मारणं योग्य, तर जज विचारणार, दोन असती तर? एक असतं तर? आकडा कुठे ठरतो? त्याचं उत्तर आधी आपल्याच टीममध्ये भांडून काढा. आमचं मत शेवटी असं बनलं की बेशुद्ध करून पकडायचा प्रामाणिक प्रयत्न झाला असेल आणि तो फसला असेल तरच गोळी, म्हणजे आम्ही आकड्यावरून उतरून प्रयत्नांवर आलो. ते बरोबर होतं की नाही माहीत नाही, पण त्यावर उभं राहता येत होतं.

तिसरी पायरी, आपल्या मताविरुद्धचा सगळ्यात दणकट मुद्दा आपणच शोधायचा आणि मांडणीतच सांगून टाकायचा. लेचापेचा नाही, दणकट. मांडणीच्या मार्कांत हेही बघतात.

दुसरी एक चांगली केस म्हणजे एचटीबीटी कापूस, म्हणजे तणनाशक मारलं तरी न मरणारा जीएम कापूस. या बियाण्याला सरकारची परवानगी नाही तरी विदर्भात पेरलं जाते, आणि जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेने सांगून-सवरून, जाहीरपणे ते पेरलं. कायदा उघडपणे मोडणं कधी योग्य असते? इथे कोणीतरी लगेच मिठाचा सत्याग्रह काढतो, काढू द्या. पण मग दुसऱ्याने विचारलं पाहिजे की बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात काय सांगितलं होतं. घटनेचे मार्ग खुले झाले की सत्याग्रह आणि कायदेभंग सोडून दिला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं, त्याला त्यांनी अराजकाचं व्याकरण म्हटलं. दीक्षाभूमीच्या गावात राहून आपल्याला हे माहीत नसेल तर कठीण आहे. आणि पुढचा प्रश्न याहून अवघड: मार्ग कागदावर खुला आहे पण वर्षानुवर्षं उत्तरच येत नाही, तो खुला धरायचा का? यावर आमची बैठक महाराजबागेत संध्याकाळी गेट बंद करायला चौकीदार येईपर्यंत चालली होती.

६. थिअरी किती वाचायची

थोडी. मिल आणि बेंथॅमचा उपयुक्ततावाद म्हणजे परिणाम बघा, जास्तीत जास्त लोकांचं भलं कशात. कांट म्हणजे माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नका, आणि जो नियम तुम्ही स्वतःला लावता तो सगळ्यांना लावता येईल का ते बघा. ॲरिस्टॉटलवाले विचारतात चांगला माणूस इथे काय करेल. रॉल्सचा अज्ञानाचा पडदा मला सगळ्यात कामाचा वाटतो, म्हणजे तुम्ही नियम बनवा पण त्या जगात तुम्ही वनमंत्री होणार की गुराखी होणार हे तुम्हाला माहीत नाही असं समजून बनवा. पुरे झालं. एवढं समजलं तर पंधरा केसेस निघतात.

ट्रॅप असा की नावं फेकू नका. "कांटच्या मते हे अयोग्य आहे" या वाक्यात कारण कुठे आहे? जजमध्ये बहुतेक वेळा तत्त्वज्ञान शिकवणारं कोणीतरी असतेच, ते लगेच विचारतात कांट असं का म्हणेल, आणि मग फजिती. कांटचं नाव न घेता कांटचा मुद्दा मांडता आला तर समजा तुम्हाला कांट कळला. आणि ट्रॉलीचं उदाहरण, म्हणजे रुळावरचे पाच जण वाचवायला गाडी एकाच्या अंगावर वळवायची का, १९६७ मध्ये फिलिपा फूट यांनी आणलं तेव्हा भारी होतं, आता प्रत्येक टीम काढते. जजचा चेहरा बघा तेव्हा.

७. सराव

आठवड्यात तीन बैठका, दीड-दीड तास, याहून जास्त कोणी येत नाही हे मान्य करून चाला. जागा म्हणाल तर कॉलेजची रिकामी वर्गखोली सगळ्यात बरी. फुटाळा तलावावर बसून सराव करू असं सगळे म्हणतात, तिथे सराव सोडून सगळं होते. एप्रिल-मे मध्ये असेल तर सकाळी साताला उरका, दुपारी पंचेचाळीस डिग्रीत कूलरच्या आवाजात एकमेकांचं ऐकूच येत नाही.

आधी मराठीत भांडा. किंवा आपली नागपूरची मराठी-हिंदी खिचडी, जशी येते तशी. स्पर्धा इंग्रजीत असली तरी विचार इंग्रजीत करायला गेलं की आपण पाठ केलेली वाक्यं बोलायला लागतो, मुद्दा राहून जातो. मुद्दा पक्का झाला की मग इंग्रजीत मांडा, साध्या इंग्रजीत. इंग्रजीच्या उच्चारांना मार्क नाहीत, कॉन्व्हेंटवाल्यांची टीम समोर आली म्हणून घाबरू नका.

त्या दोन मिनिटांचा सराव वेगळा करा. मोबाइलवर टायमर लावून, प्रश्न ऐन वेळी काढून. दोन मिनिटांत पाच जण एकदम बोलले तर काहीच ठरत नाही. आम्ही असं ठेवलं होतं: पहिले वीस सेकंद सगळे चूप, प्रत्येकाने प्रश्न परत वाचायचा, कारण निम्म्या वेळा प्रश्न आपण समजतो तो नसतोच. मग एकच जण विचारणार, मत हो की नाही, कारण कोणतं, विरोधी मुद्दा कोणता, सुरुवात कोण करणार. संपलं.

पूर्ण पाठ केलेलं भाषण आणू नका. प्रश्न थोडा जरी वळला तरी भाषण वळत नाही, आणि जजना ते पहिल्या दोन वाक्यांतच कळते.

सरावासाठी जज म्हणून आपले सर तर असू द्याच, पण एखाद दिवशी बाहेरचं कोणीतरी बसवा. आम्ही एकाच्या आजीला बसवलं होतं, महाल भागात, त्यांच्या घरी. निवृत्त शिक्षिका. अवयवदानाच्या केसवर आम्ही स्वायत्तता स्वायत्तता करून राहिलो होतो, त्यांनी एवढंच विचारलं, "अरे पण त्या बाईला कोणी विचारलं का रे?" आमच्या अख्ख्या मांडणीत ते आलंच नव्हतं.

८. कॉमेंटरी आणि जजचे प्रश्न

कॉमेंटरीचं काम समोरच्यांना पाडायचं नाही. त्यांचं म्हणणं आधी आपल्या शब्दांत सांगा, इतकं नीट की त्यांनी मान हलवली पाहिजे. मग एक किंवा दोन प्रश्न, पण असे की ज्यांनी चर्चा पुढे सरकेल. तीन मिनिटांत सात मुद्दे मारले तर समोरच्यांना एकाचंही धड उत्तर देता येत नाही, आणि जजना ते आवडत नाही, ते बरोबरच आहे.

तुमच्यावर कॉमेंटरी होत असताना दोघांनी लिहायचं, तिघांनी चेहरे सरळ ठेवायचे. डोळे फिरवणं, हसणं, शेजारच्याला कोपर मारणं, हे सगळं समोर दिसतं बे.

आणि समोरच्यांचा मुद्दा पटला तर सांगून टाका. आम्ही दुसऱ्या वर्षी क्वार्टर फायनलला म्हटलं की तुमचा हा मुद्दा आमच्या लक्षात आला नव्हता, त्यामुळे आमचं मत एवढं बदलते, बाकी एवढं तसंच राहते आणि ते यामुळे. बोलणारी तीच राळेगाववाली होती. मी तर मनातल्या मनात कपाळावर हात मारला की गेली मॅच. जिंकलो. नंतर जजनी सांगितलं की त्या एका उत्तराला सगळ्यात जास्त मार्क दिले.

जजच्या प्रश्नात दुसरा ट्रॅप म्हणजे केसमध्ये नसलेली माहिती आपल्या मनाने टाकणं. आकडे तर अजिबात बनवू नका, एकदा पकडले गेले की पुढचं खरंही खोटं वाटते. केसमध्ये एखादी गोष्ट दिली नसेल तर म्हणा, ती अशी असेल तर आम्ही हे म्हणू, तशी असेल तर ते. आणि एकच स्टार बोलत राहिला तर तेही दिसते, दहा मिनिटांत किमान तिघांचा आवाज आला पाहिजे.

९. जायचं कसं, आणि त्या दिवशी

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते आणि एका तिकिटावर सहाच जण बसतात, त्यामुळे टीम, राखीव आणि मॅडम मिळून सात झाले की दोन तिकिटं, दोन डब्यांत विखुरलेली. पुण्याला आझाद हिंद, मुंबईला विदर्भ किंवा सेवाग्राम, दिवाळीच्या मागेपुढे असेल तर पहिल्याच दिवशी काढा. सकाळी उतरून दहाला मॅच असं करू नका, आदल्या दिवशी पोचा. आम्ही गाडी चार तास लेट झाल्यावर स्टेशनवर तोंड धुऊन थेट खोलीत गेलो होतो.

स्पर्धा नागपुरातच असेल तर निवांत राहू नका. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन लागलं की सीताबर्डीकडे मोर्चे, रस्ते बंद, ऑटोवाले यायला तयार नाहीत. मेट्रोने या, झिरो माइल किंवा सीताबर्डीला उतरा आणि उरलेलं पायी.

सोबत ठेवायचं: मूळ कागदपत्रांची एक फाइल (ती एकाकडेच, आणि तो झोपाळू नको), साधं घड्याळ कारण मोबाइल बाहेर ठेवायला लावतात, दोन-तीन पेनं, पाण्याच्या बाटल्या. मॅच झाल्यावर समोरच्या टीमशी बोला. बहुतेक वेळा मॅचमध्ये न सुटलेला मुद्दा बाहेर वडापाव खाताना सुटतो, आणि पुढच्या फेरीत तो कामी येतो.

१०. परत आल्यावर

हरले असाल तर लगेच निघू नका, जजच्या गुणपत्रिका मागून घ्या, बऱ्याच ठिकाणी देतात, निदान फोटो काढू देतात. आमच्या पहिल्या वर्षाच्या गुणपत्रिकेवर एका जजनी पेन्सिलने लिहिलं होतं की चांगले बोलता, थोडं ऐका. दुसऱ्या वर्षीची सगळी तयारी आम्ही त्या ओळीवरूनच केली.

केसेसच्या नोट्स, गुणपत्रिका आणि पत्रांचे नमुने एका फाइलीत टाकून ज्युनियरला द्या, नाहीतर दरवर्षी नव्याने पहिल्या फेरीत हरायचं. आणि प्रवासखर्चाचं बिल आठवड्याभरात लावा, मूळ तिकिटं जोडून, आवक क्रमांक घेऊन. आमचं पहिल्या वर्षीचं अजून आलेलं नाही.